तिला अजून किती वर्षं खेळू द्यायचं?

मुलींच्या फुटबॉलबद्दल प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. बरीच पत्रं आली. त्यातली चार इथं घेतली आहेत. मी कोल्हापुरात क्रीडा शिक्षिका आहे. सकाळी सहा ते साडेसात मुलींची बॅच घेते, पूर्वी स्वतः खेळत होते. जे पाहिलंय आणि जे अंगावर काढलंय, त्यावरून उत्तरं देते आहे.

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. चौथीपासून गल्लीतल्या मुलांबरोबर फुटबॉल खेळते. शाळेतले सर म्हणतात, हिच्या पायात खेळ आहे. सासूबाई म्हणतात, आता मोठी झाली, बास झालं. मिस्टर यंत्रमागावर आहेत. ते विरोध करत नाहीत, पण यातून पोट भरेल का, एवढंच विचारतात. तिला अजून किती वर्षं खेळू द्यायचं?
— एक आई, इचलकरंजी

ताई, तुमच्या मिस्टरांचा प्रश्न रोखठोक आहे. आधी त्याचंच उत्तर देते.

नुसतं फुटबॉल खेळून घर चालवणाऱ्या मुली आपल्या देशात फार थोड्या आहेत. बायकांची देशपातळीवरची लीग, इंडियन वुमेन्स लीग, सुरू झाली 2016-17 मध्ये. 2024-25 च्या हंगामात तिच्यात आठ संघ होते. प्रत्येकाच्या वाट्याला 14 सामने आले आणि ईस्ट बंगाल विजेता ठरला. 2023 मध्ये अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशननं ठरवलं की लीगमधल्या क्लबांनी निदान दहा भारतीय खेळाडूंशी करार करावा आणि वर्षाला कमीत कमी 3 लाख 20 हजार रुपये द्यावेत. म्हणजे महिन्याला सव्वीस-सत्तावीस हजार. आता आठ गुणिले दहा करून बघा. एवढ्या मोठ्या देशात ही किमान हमी धरून चालावं अशा मुली ऐंशीच्या आसपास. हा आकडा मी माझ्या बॅचमधल्या प्रत्येक पालकाला पहिल्याच आठवड्यात सांगते. नंतर कळून मन मोडण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

पण चित्र इथंच संपत नाही. आपल्याकडे बायकांचा फुटबॉल नोकरीच्या आधारानं उभा आहे. 5 जुलै 2025 ला चियांग माईमध्ये भारतानं थायलंडला 2-1 हरवलं आणि आशियाई चषकाची मुख्य स्पर्धा गाठली. पात्रता फेरी जिंकून तिथं पोचायची आपली ही पहिलीच वेळ. ते दोन्ही गोल संगीता बासफोरचे. संगीता बंगालमधल्या कल्याणीची. ती सशस्त्र सीमा बलात नोकरी करते. मणिपूरच्या कितीतरी मुली पोलिसांत आहेत, रेल्वेत आहेत. आपल्या राज्यातही सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. मात्र या सगळ्याला लागतो कागद. कुठल्या पातळीवर खेळली, कितवा क्रमांक आला, प्रमाणपत्र कुणी दिलं, हे सगळं तपासतात. म्हणून आजच एक फाइल करा. शालेय स्पर्धेचं पहिलं प्रमाणपत्रसुद्धा त्यात घाला. माझ्याकडची एक चांगली हाफ, म्हणजे मधल्या फळीतली खेळाडू, केवळ प्रमाणपत्र पावसात भिजून गेलं म्हणून एका भरतीत मागं राहिली. ते पत्र्याच्या पेटीत होतं आणि पेटी गळक्या कोपऱ्यात होती.

आता बाला देवीबद्दल सांगते, कारण तुमच्या मुलीसारखीच तिची सुरुवात आहे. मणिपूरच्या विष्णुपूर जिल्ह्यातली मुलगी, गावातल्या मुलांमध्ये खेळून तयार झालेली. पुढं भारताची कप्तान झाली. भारताच्या महिला संघाकडून सगळ्यात जास्त गोल तिचे. आणि हे सगळं मणिपूर पोलिसांतली नोकरी सांभाळून. नोव्हेंबर 2019 मध्ये ती स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबकडे ट्रायलला गेली आणि जानेवारी 2020 मध्ये तिचा दीड वर्षाचा करार झाला. परदेशी क्लबात पूर्ण व्यावसायिक म्हणून खेळायची अशी संधी तिच्याआधी कुठल्याही भारतीय बाईला मिळाली नव्हती. तेव्हा ती तिशीच्या उंबरठ्यावर होती. दहा नंबरची जर्सी मिळाली आणि दोन महिन्यांत कोविडनं सगळं बंद पडलं. घरापासून इतक्या लांब, थंडीत, खेळ बंद. तरी ती थांबली. डिसेंबर 2020 मध्ये मदरवेलविरुद्ध बदली म्हणून उतरली आणि गोल केला. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण आपल्याकडे मुलीचं खेळायचं वय अठराला संपलं असं घरचे परस्पर ठरवून टाकतात. बाला देवीला रेंजर्सचा करार मिळाला तेव्हा माझ्या बरोबर खेळलेल्या बहुतेक जणींची मुलं शाळेत जात होती.

सासूबाईंकडे येते. त्यांचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. संध्याकाळी अंधार पडल्यावर तेरा वर्षांची मुलगी मैदानावरून एकटी येते, याची काळजी वाटणारच. पण ‘बायकांनी फुटबॉल खेळायचा हे आताचं फॅड’ असं त्या म्हणत असतील तर त्यांना सांगा, 1979-80 च्या सुमारास कालिकतला महिलांची आशियाई स्पर्धा झाली आणि भारताच्या मुली उपविजेत्या ठरल्या. 1983 मध्ये बँकॉकलाही उपविजेत्या. त्याच वर्षी शांती मल्लिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. फुटबॉलमध्ये तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. म्हणजे सासूबाई तरुण असतानाची ही गोष्ट. आणि आज राज्यांच्या महिला संघांची जी राष्ट्रीय स्पर्धा होते, तिच्या करंडकाला राजमाता जिजाबाईंचं नाव आहे. आमच्याकडे हे नाव ऐकून दोन आज्यांचा सूर बदललेला मी स्वतः पाहिलाय.

त्यांना एकदा मैदानावर घेऊन जा. माझ्या बॅचमधल्या एका मुलीची आजी पहिल्या दिवशी फक्त ‘किती वाजता सुटतं’ हे बघायला आली होती. लिंबाखाली दगडावर बसली. दुसऱ्या आठवड्यात सगळ्या पोरींच्या पिशव्या तिच्याजवळ. आता थ्रो-इन कुणाचा यावरून ती पंचाशी बोलते. सरांना विचारून सराव सकाळी होतो का बघा. त्याच बाजूच्या आणखी दोन मुली मिळाल्या तर तिघी मिळून येतील-जातील. काळजी निम्मी होईल.

मुलांबरोबरचा खेळ लगेच तोडू नका. वेगवान चेंडू पायात घ्यायची सवय तिथंच लागते. पण त्याच्या जोडीला शाळेचा चौदा वर्षांखालील मुलींचा संघ जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या स्पर्धेत उतरवायला सरांना भाग पाडा. अकरा मुली जमत नाहीत ही सबब मी वीस वर्षं ऐकतेय. शेजारच्या वर्गातल्या कबड्डीच्या पोरी घ्या. त्यांना धक्क्याची भीती नसते, चांगल्या बॅक, म्हणजे बचावपटू, होतात.

आणि किती वर्षं? ते आज ठरवू नका. दहावीपर्यंत तरी कुणी हात लावायचा नाही, एवढं घरात ठरवा. मी पाहिलेल्या चांगल्या खेळाडूंपैकी सगळ्यात जास्त आठवी-नववीत गेल्या. हरून नाही, दुखापत होऊनही नाही. घरी थांबवल्या म्हणून.

मी सोळा वर्षांची आहे, फॉरवर्ड खेळते. राज्याच्या निवड चाचणीपर्यंत गेले होते. इन्स्टाग्रामवर एका एजंटनं माझे व्हिडिओ बघून मेसेज केला. युरोपातल्या क्लबाचा करार मिळवून देतो म्हणाला. क्लबाच्या नावाचं पत्रही पाठवलंय. व्हिसा आणि नोंदणीसाठी 85 हजार मागतोय, आठवड्यात भरायचे आहेत. घरी अजून सांगितलेलं नाही. काय करू?
— एक खेळाडू, सांगली जिल्हा

बाळ, पैसे भरू नकोस. आधी हे, मग बाकीचं.

फिफाचा नियम असा आहे की अठरा वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली करता येत नाही. मोजके अपवाद आहेत. उदाहरणार्थ, आईवडील स्वतःच्या कामासाठी त्या देशात राहायला गेले तर. तुझ्या बाबतीत त्यातलं काही दिसत नाही. मग सोळा वर्षांच्या मुलीला युरोपात करार देतो म्हणणारा माणूस एकतर नियम जाणत नाही किंवा जाणून फसवतोय. दोन्हीकडून त्याच्याशी व्यवहार नको. खऱ्या एजंटला फिफाचा परवाना लागतो आणि त्याला पैसे मिळतात ते झालेल्या करारातून. खेळाडूनं आधी पैसे भरायचे आणि मग करार व्हायचा, असं नसतं. ‘आठवड्यात भर’ ही घाई कशासाठी असते, ते तुझ्या बाबांना लगेच कळेल. आज रात्री जेवण झाल्यावर त्यांना फोन दाखव. ते रागावतील कदाचित, पण तुझं काही चुकलेलं नाही. मेसेज पुसू नकोस. पैसे आधीच गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर बाबांना ताबडतोब फोन करायला सांग.

खरा रस्ता कसा असतो, ते मनीषा कल्याणकडे बघ. पंजाबच्या होशियारपूर जिल्ह्यातल्या गावची मुलगी. आधी इथली लीग खेळली, मग भारताच्या संघात आली. नोव्हेंबर 2021 मध्ये ब्राझीलमध्ये ब्राझीलविरुद्ध सामना होता. आपण 6-1 नं हरलो, पण तो एक गोल तिचा होता. पुढच्या वर्षी सायप्रसच्या अपोलॉन क्लबानं तिला घेतलं आणि ऑगस्ट 2022 मध्ये ती युरोपातल्या क्लबांच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय झाली. तेव्हा ती वीस वर्षांची होती. नंतर ग्रीसमध्ये पाओक, मग पेरूमध्ये अलियान्झा लिमा. क्लबांनी तिला सामन्यांत पाहिलं होतं, म्हणून बोलावलं.

दुसरा रस्ता शिक्षणाचा. गोलकीपर अदिती चौहान इंग्लंडला लफबरो विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापन शिकायला गेली आणि तिथं असताना 2015 मध्ये वेस्ट हॅमच्या महिला संघात दाखल झाली. बारावीचा अभ्यास टाकू नकोस, तो याच रस्त्यावर आहे.

तुझं सध्याचं काम सांगते. फेडरेशनच्या ऑनलाइन प्रणालीत तुझी खेळाडू म्हणून नोंदणी आहे का, हे क्लबाकडून नीट तपासून घे. जन्मतारीख आधार आणि शाळेच्या दाखल्यावर एकच आहे ना, तेही बघ. पुढं अडतं ते यातच. आणि पूर्ण सामन्याचं चित्रीकरण करून ठेव. तीस सेकंदांच्या रीलमध्ये गोल दिसतो. चेंडू नसताना तू कुठं पळतेस ते दिसत नाही, आणि जाणता प्रशिक्षक तेच बघतो. आमच्या कोल्हापूर सिटीचा संघ देशाच्या लीगमध्ये खेळून आला तेव्हा पोरी परत येऊन हेच सांगत होत्या: ‘मॅडम, तिथल्या पोरी चेंडू यायच्या आधीच मान फिरवून बघतात.’

माझी पंधरा वर्षांची मुलगी मिडफिल्डला खेळते. दोन आठवड्यांपूर्वी वळताना गुडघा मुरगळला, कुणाचा धक्काही नव्हता. रात्रीपर्यंत टम्म सुजला. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाड ठीक आहे म्हणाले, क्रेप बँडेज दिलं. सूज उतरलीय, पण जिना उतरताना ‘गुडघा निसटतो’ म्हणते. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे. खेळवावं का?
— एक वडील, पनवेल

नको. दादा, हात जोडून सांगते, खेळवू नका.

कारण तुम्ही जे लिहिलंय ते मी स्वतः जगले आहे. बावीस वर्षांची होते. आंतरजिल्हा स्पर्धेचा उपांत्य सामना, मैदान कडेला ओलं. मी उजव्या पायावर वळले आणि आतून आवाज आला, जुन्या चपलेचा अंगठा चालता चालता तुटावा तसा. खाली बसले. कुणीतरी स्प्रे मारला, ‘ऊठ, बदली खेळाडू संपल्यात’ म्हणालं, आणि मी उठले. आणखी दहा मिनिटं खेळले. नंतर महिनाभर एकाकडून चोळून घेतलं, रोज तेल आणि हळद. सूज गेली म्हणून पुन्हा मैदानात. दुसऱ्या सामन्यात गुडघा निसटला, मग तिसऱ्यात. तीन वर्षांनी पहिल्यांदा एमआरआय झाला तेव्हा अस्थिबंध तर गेलेलाच होता, आतल्या गादीचेही तुकडे झाले होते. त्या तीन वर्षांत मला कुणी ‘एसीएल’ हा शब्दसुद्धा सांगितला नव्हता. आज बॅच घेताना मी जिना चढत नाही, उतारावरून जाते.

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीच्या आणि नडगीच्या हाडाला बांधून ठेवणारी दोरी. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, ही दोरी दिसत नाही. धक्का नसताना वळताना मुरगळणं, काही तासांत टम्म सूज येणं आणि नंतर गुडघा निसटल्यासारखा वाटणं, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर ती तुटल्याचा संशय घ्यायचाच. नक्की काय ते डॉक्टर सांगतील. पण खेळाडूंचे गुडघे बघणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाकडे याच आठवड्यात न्या आणि एमआरआयबद्दल विचारा. तिची हाडं अजून वाढत असतील तर शस्त्रक्रियेची पद्धत त्यानुसार ठरते. हा प्रश्न तुम्ही स्वतःहून विचारा.

मुलींमध्ये ही दुखापत मुलांच्या दुपटीहून जास्त दिसते. शरीराची ठेवण हे एक कारण, पण तेवढंच नाही. मुलींना व्यायामशाळेत कुणी नेत नाही, मैदान मिळतं ते उरलेलं आणि खडबडीत, आणि शूज मोठ्या भावाचे. माझ्याकडे एक पोर पुढं वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेले शूज घालून यायची. पाय आत सरकतो, शूज जागेवर राहतो, आणि पीळ बसतो गुडघ्याला.

शस्त्रक्रिया करावी लागली तर करिअर संपलं असं समजू नका. बार्सेलोनाची आलेक्सिया पुतेयास, जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा बॅलन डी’ओर पुरस्कार दोनदा मिळवलेली खेळाडू. जुलै 2022 मध्ये युरो स्पर्धेच्या आदल्या दिवशी सरावात तिचा एसीएल तुटला. एप्रिल 2023 च्या अखेरीस ती पुन्हा मैदानात उतरली आणि ऑगस्टमध्ये स्पेननं विश्वचषक जिंकला तेव्हा ती त्या संघात होती. मधले महिने मोजा, जवळजवळ दहा होतात. तिच्या दिमतीला जगातली उत्तम यंत्रणा असूनही. त्यामुळे कुणी ‘चार महिन्यांत उभी करतो’ म्हणालं तर ऐकू नका. नऊ महिन्यांच्या आत सामना नाही. आणि महिने भरले तरी दोन्ही पायांची ताकद मोजून, एका पायावरच्या उड्या तपासूनच. फिजिओथेरपीचा खर्च शस्त्रक्रियेच्या खर्चाबरोबरच धरा. लोक ऑपरेशन करतात आणि व्यायाम दुसऱ्या महिन्यात सोडतात.

तिच्या संघातल्या बाकीच्या मुलींसाठीही एक मागणं आहे. फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वॉर्म-अप आहे. वीस मिनिटं लागतात, खास साहित्य काही लागत नाही. आठवड्यातून दोनदा नेमानं केला तर दुखापती खरोखर कमी होतात. आम्ही सरावाआधी तो करतोच, वर आणखी एक गोष्ट करतो. मैदानाच्या पायरीवरून दोन्ही पायांवर खाली उडी. मी समोर उकिडवी बसते आणि फक्त गुडघे बघते. उतरताना ते एकमेकांकडे झुकले की पुन्हा. धप्पकन आवाज आला की पुन्हा. मांजर उतरतं तसं उतरायचं. पहिल्या महिन्यात पोरी कंटाळतात. तिसऱ्या महिन्यात एकमेकींचे गुडघे त्याच बघायला लागतात.

मुलीला सांगा, स्पर्धेला जरूर जा, बाकावर बस आणि दुसऱ्या संघाची मिडफिल्डर कशी खेळते ते वहीत लिही. पुनर्वसनाच्या काळात डोकं मैदानात राहायला हवं. मला तेव्हा कुणी वही दिली असती तर बरं झालं असतं.

मी नववीत आहे. आमच्या शाळेच्या संघाची शॉर्ट पांढरी आहे. पाळी असताना खूप भीती वाटते, म्हणून मी गेल्या महिन्यात तीनदा सराव बुडवला. सरांना सांगायची लाज वाटते. आतून काळी शॉर्ट घातली तर चालेल का?
— नाव नको, रत्नागिरी

बेटा, सामन्यात आतली शॉर्ट बाहेरच्या शॉर्टच्याच रंगाची असावी लागते, असा खेळाचा नियम आहे. पांढऱ्याखाली काळी दिसली तर पंच बदलून यायला सांगू शकतात. सरावाला मात्र खुशाल घाल. पण बाहेरची शॉर्ट पांढरीच हवी असं कुठल्याही नियमात नाही. दोन्ही संघ आणि पंच वेगळे ओळखू यावेत, एवढीच अट.

इंग्लंडच्या मुली ही गोष्ट उघड बोलल्या आणि 2023 च्या विश्वचषकाला त्या पांढऱ्याऐवजी निळ्या शॉर्टमध्ये उतरल्या. जगातल्या इतक्या मोठ्या खेळाडूंना जे नको वाटलं, ते तुला नको वाटणं अगदी बरोबर आहे. पाळीत खेळल्यानं काही बिघडत नाही. पोटात फार दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा रक्तस्राव खूप होत असेल तर आईबरोबर डॉक्टरांकडे जा, हिमोग्लोबिन तपासून घे.

सरांशी तुला बोलायची गरज नाही. मासिकाचं हे पान वर्गशिक्षिका बाईंच्या हातात दे, त्या बोलतील. नवी गडद शॉर्ट तेवढ्याच पैशांत येते. आमच्या बॅचची गेल्या वर्षापासून गडद निळी आहे. ती निवडताना मी पोरींना विचारलं होतं, आणि सतराच्या सतरा हात एकदम वर आले होते. सोमवारी सरावाला जा.